समकालीन कादंबरी सामाजिक-राजकीय प्रश्नाला भिडते, तेव्हा ती नेमके काय करते?

दुधनाकाठ (परभणी जिल्हा) यांचा प्रश्न

आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी दरवर्षी पुस्तके निवडण्याचे काम माझ्याकडे आणि आणखी दोघांकडे असते. अनुदान तुटपुंजे आणि तेही उशिरा येणारे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर वाद होतो. अलीकडे आम्ही समकालीन मराठी कथा-कादंबऱ्या हेतुपुरस्सर घेत आहोत. त्यांतही दुष्काळ, शेतकरी आत्महत्या, स्थलांतर, आरक्षणाची आंदोलने, गावातले जातीचे ताण असे विषय हाताळणाऱ्या पुस्तकांना झुकते माप देतो, कारण हे विषय आमच्याच दारातले आहेत. वाचकांकडून मात्र एक तक्रार वारंवार ऐकू येते, आणि ती करणारे लोक वाचनाचा कंटाळा असणारे नव्हेत. ते म्हणतात की हे सारे आम्ही वर्तमानपत्रात वाचतो, घराबाहेर पडलो की पाहतो. तेच पुन्हा तीनशे पानांत वाचून आमच्या पदरात अधिक काय पडते?

ही तक्रार मला सहज झटकून टाकता येत नाही. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. कथाभूमी विदर्भातली असली, तरी शिकूनही नोकरी न लागलेला आणि शेतीतही जीव न रमणारा तिचा एकनाथ आमच्या जिंतूर-सेलूच्या कोणत्याही पारावर बसलेला सापडला असता. ते पुस्तक आमच्याकडे अजूनही फिरते आणि त्याची शिवण दोनदा करून घ्यावी लागली. त्यानंतर त्याच प्रश्नावरच्या ज्या अनेक कादंबऱ्या आम्ही घेतल्या, त्यांतल्या बऱ्याच एकदा नेल्या गेल्या आणि कपाटात स्थिरावल्या. पाऊस हुकतो, बँकेची नोटीस येते, मुलीचे लग्न ठरते, कीटकनाशकाची बाटली समोर येते. पहिल्या पन्नास पानांतच शेवट कळतो. विषय तितकाच गंभीर, लेखकाची तळमळही खरी, तरीही पुस्तक उभे राहत नाही.

निवड समितीतले आमचे एक तरुण सहकारी म्हणतात की लेखकाची भूमिका बोथट असते म्हणून असे होते, त्याने पात्रांच्या तोंडून स्पष्ट बोलले पाहिजे. दुसरे ज्येष्ठ सदस्य म्हणतात की राजकारण आले की कला गेली. मला दोन्ही पटत नाही. कादंबरीने प्रश्नाला भिडावे की नाही हा माझा प्रश्नच नाही. तिने विषय नुसता उसना घेतला आहे की खरोखर अंगावर घेतला आहे, हे वाचताना कशावरून ओळखावे, एवढेच मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. उदाहरणे शक्यतो आपल्याकडची असावीत.

अंबानगरी (निवृत्त अध्यापक, अंबाजोगाई) यांचे उत्तर

आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी प्रथम एक गोष्ट पाहतो: गोष्ट सांगण्याचा अधिकार लेखकाने कोणाला दिला आहे? रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ची. तिला आपण समकालीन म्हणणार नाही, परंतु मराठवाड्यात आज लिहिणारा प्रत्येक जण कळत-नकळत तिच्या अंगणातून गेलेला आहे. गावातल्या एका शिंप्याच्या संसाराची पडझड त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. गावातली सत्ता कशी चालते, कोणाशी वैर धरले म्हणजे कोणाचे दुकान बसते, याविषयी एकही व्याख्यान त्या कादंबरीत नाही. त्या बाईला जेवढे दिसते, ऐकू येते आणि सोसावे लागते, तेवढेच वाचकाला मिळते. तिला जे कळत नाही ते वाचकाला तिच्याआधी कळू लागते, आणि या दोन कळण्यांतल्या अंतरात त्या कादंबरीचे सगळे राजकारण आहे.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पाठ्यपुस्तकात वाचली असेल. टोमॅटो घेऊन बाजारात आलेला बाप भाव कोसळल्यावर आपलाच माल पायांखाली तुडवतो आणि हे सारे शाळकरी मुलाच्या नजरेसमोर घडते. भाव कोणी पाडला, धोरण कोणाचे, याचा उच्चार लेखकाने टाळला आहे. तो उच्चार केला असता, तर वाचक म्हणून आपल्याला मान डोलवून मोकळे होता आले असते. वर्गात ही कथा शिकवताना मला दरवर्षी एकच अनुभव येत असे: शेतकऱ्यांची मुले शेवटाकडे गप्प होत आणि व्यापाऱ्यांची मुलेही गप्प होत, आणि त्या दोन शांतता सारख्या नसत.

तेव्हा आपल्या तरुण सहकाऱ्यांना माझे सांगणे असे की भूमिका असावीच, पण पात्राच्या भाषणात ती सापडली की मला शंका येते. लेखकाने कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे ठरवले, तिथे भूमिका आधीच घेतलेली असते. (मलपृष्ठावर ‘ज्वलंत’ हा शब्द दिसला की मी ते पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवतो, ही माझी जुनी खोड आहे आणि ती वाचकांवर लादण्याचा माझा विचार नाही.)

तोलाई (लातूर) यांचे उत्तर

अंबानगरी सरांचा आदर ठेवून मला वेगळे म्हणायचे आहे. मी आडत दुकानात हिशेब लिहितो, साहित्याचा विद्यार्थी नाही. मात्र कादंबऱ्या वाचतो, आणि माझी तक्रार बरोबर उलटी आहे. आपल्या लेखकांकडे नजर आहे, करुणा आहे, बोलीही आहे. कमी पडते ते व्यवहाराचे ज्ञान. शेतकऱ्याचे दुःख ते जाणतात, मात्र ते दुःख ज्या कागदांतून, काट्यांतून आणि खिडक्यांतून तयार होते, त्या ठिकाणी फार थोडे जण पोहोचतात.

सोयाबीनचे उदाहरण घेतो, कारण आमचा सगळा बाजार त्यावर उभा आहे. २०२४-२५च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या बराच खाली राहिला. मग शेतकरी सरकारी खरेदी केंद्रावर का गेला नाही, असे शहरातला माणूस विचारतो. केंद्रावर ओलावा मोजणारे यंत्र असते. १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत, अशी अट होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. पण दिवाळीच्या तोंडावर ज्याला पैसे हवेत, त्याच्याकडे माल वाळवायला खळे नाही, साठवायला जागा नाही आणि ऑनलाइन नोंदणीचा संदेश येईपर्यंत थांबायला सवड नाही. तो आमच्याकडेच येतो, आम्ही पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, करून देतो आणि तो घरी जातो. या सगळ्यात खलनायक कोण आहे, हे मला रोज तिथे बसूनही बोट ठेवून सांगता येत नाही. त्या यंत्रावरचा आकडा उमटेपर्यंत बाप आणि मुलगा एकमेकांकडे न पाहता उभे असतात, एवढेच जरी एखाद्या कादंबरीकाराने नीट लिहिले, तरी मी त्या प्रकरणाला राजकीय म्हणेन.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. प्रश्नकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे या कादंबऱ्या कीटकनाशकाच्या बाटलीपाशी संपतात. माझ्या मते त्या जिथे संपतात, तिथे प्रश्नाचा निम्मा भाग सुरू होतो. २००६ पासून राज्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत दिली जाते, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. ही मदत मिळावी यासाठी प्रकरण आधी ‘पात्र’ ठरावे लागते: जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि ते थकल्याचा कागद हवा. आता ज्याने बटईने जमीन केली, ज्याने गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचलून बदल्यात शेताचे खरेदीखत करून दिले, त्याच्या बायकोने काय दाखवावे? तलाठ्यापासून तहसीलपर्यंत तिने केलेल्या फेऱ्या, शेजाऱ्यांनी दिलेले पंचनाम्यातले जबाब, सासरच्या भावकीची त्या ठेवीवरची नजर, आणि शेवटी ‘अपात्र’ म्हणून आलेले पत्र. मृत्यूचे वर्णन कोणीही हेलावून टाकणारे करू शकतो. या पत्राची भाषा, त्यातला कोरडेपणा आणि ते वाचून दाखवणाऱ्या भाच्याचा अडखळणारा आवाज हे लिहायला लेखकाला त्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसावे लागेल.

ऊसतोडीबद्दल तर बोलायलाच नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला, राज्य सरकारने समिती नेमली, आणि पाठोपाठ त्यावर कथाही आल्या. त्यांतल्या ज्या माझ्या वाचनात आल्या त्यांत दवाखाना होता, डॉक्टर होता, रडणारी बाई होती. परंतु हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता धरण्याची रीत, आणि एका दिवसाच्या खाड्यामागे कापले जाणारे पैसे यांचा हिशेब त्यांत नव्हता. पाळी येणे म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे कर्ज, ही साखळी कळल्याशिवाय ती बाई स्वतः चालत त्या दवाखान्यात का गेली हे वाचकाला कसे समजणार?

गोदातीर (नांदेड) यांचे उत्तर

तोलाई यांनी जे लिहिले आहे, तेच खरे तर एका कादंबरीचे टिपण आहे. त्यांनी ते गांभीर्याने घ्यावे. तरीही एक धोका सांगावासा वाटतो. कार्यपद्धतीची माहिती जितकी अचूक, तितके पुस्तक अहवालाकडे झुकू लागते, आणि चांगला अहवाल वाचायचा तर आपण अहवालच वाचू.

नांदेडमध्ये जन्मलेल्या कविता महाजन यांची ‘ब्र’ ही २००५ची कादंबरी या कडेवरून चालते आणि म्हणून ती या चर्चेत यायला हवी. पंचायत राज्यात स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्यानंतर निवडून आलेल्या आदिवासी सरपंच बायकांचे अनुभव, स्वयंसेवी संस्थांचा आतला कारभार, निधी, दौरे, बैठका असा प्रचंड ऐवज त्या पुस्तकात आहे. काही ठिकाणी तो पात्रांपेक्षा जड होतो, हेही मी मान्य करते. पण निवेदक प्रफुल्ला तटस्थ निरीक्षक राहत नाही. तिचा स्वतःचा संसार उद्ध्वस्त झालेला आहे आणि ज्या संस्थेमार्फत ती या बायकांपर्यंत पोहोचते, त्या संस्थेतही तिला दबून राहावे लागते. त्यामुळे सरपंच बाईच्या जागी नवराच कारभार पाहतो हे चित्र आले, तर ते ‘त्या मागासलेल्या बायकांचे’ म्हणून वाचता येत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, आणि आजही आमच्या तालुक्यात एखाद्या सरपंच बाईंना फोन लावला तर पलीकडून बहुधा ‘बोला, मी सरपंचाचा पती बोलतो’ असे उत्तर येते. वीस वर्षांपूर्वीची कादंबरी अजून बातमीच्या पुढे आहे ती अशी.

माझी कसोटी सरांच्या कसोटीला लागूनच आहे, परंतु थोडी अधिक संशयी. कोणाला बोलू दिले आहे हे पाहावेच. त्याबरोबर कोणाला संपूर्ण पुस्तकभर गप्प बसवले आहे हेही पाहावे. शेतकरी आत्महत्येवरच्या कितीतरी कादंबऱ्यांत पत्नी ही केवळ नायकाच्या काळजीचे एक कारण असते. पेरणी, खुरपणी, वेचणी यांतला किती भार तिच्यावर आहे आणि सातबाऱ्यावर तिचे नाव का नाही, हे प्रश्न तिथे उगवतच नाहीत. दलित वस्ती असते, पण बहुतेकदा पाटलाच्या वाड्यातून पाहिलेली. आणि मुसलमान? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आमच्या आजोबांच्या पिढीचे शिक्षण उर्दूतून झाले, नांदेड-परभणीच्या बाजारपेठांत दखनी रोज कानावर पडते. भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले त्या ‘पोलीस कारवाई’नंतर झालेल्या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. कादंबरीला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. आपल्या मराठी कादंबरीत रझाकार येतो, मुक्तिसंग्रामाचा सैनिक येतो. त्याच गल्लीत राहणारा आणि या दोहोंपैकी कोणीच नसलेला तांबोळी किंवा पिंजारी क्वचित भेटतो.

अलीकडच्या पुस्तकांपैकी नांदेडच्याच मनोज बोरगावकर यांच्या ‘नदीष्ट’ (२०१९)चा उल्लेख करते. त्याला सहसा कोणी राजकीय कादंबरी म्हणणार नाही. गोदावरीत नित्य पोहणारा निवेदक आणि काठावर त्याला भेटणारी माणसे, त्यांत तृतीयपंथीयांचेही जग आहे, एवढाच तिचा विस्तार. शहराने ज्यांना काठावर लोटले ते नदीपाशी येतात आणि नदीचीही दशा त्यांच्यासारखीच होत जाते. तिथे समस्या मांडलेली नाही, सोबत केलेली आहे. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना हे पुस्तक जरूर द्यावे.

दुधनाकाठ यांचा पुन्हा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ताई, आपला गप्प बसवलेल्या पात्रांचा मुद्दा मी आमच्या बैठकीत मांडणार आहे, आणि तोलाई यांचे उत्तर छापून सूचनाफलकावर लावण्याची परवानगी त्यांनी द्यावी अशी विनंती करतो.

एक शंका उरते. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागात आरक्षणाच्या प्रश्नावरून गावोगावी जे घडले, ज्या दोन घरांत पिढ्यांचे येणे-जाणे होते ती एकमेकांच्या लग्नाला जायची थांबली, त्यावर लगेच कादंबरी यावी अशी अपेक्षा आमचे तरुण सहकारी करतात. अशी घाई इष्ट आहे का? की लेखकाने दहा-पंधरा वर्षे थांबावे?

कयाधू (हिंगोली) यांचे उत्तर

थांबण्याने आपोआप काही मिळते असे मला वाटत नाही. नामांतराचे पाहा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, नंतर वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या काळात आणि नंतरही या अनुभवाला कवितेने वाट दिली, आत्मकथनांनी दिली. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती लेखकांची एक सबंध पिढी घडली. कादंबरी मात्र त्या प्रमाणात आली नाही, आणि सवड मिळाली नाही हे काही त्याचे कारण नव्हे. ज्याचे घर जळाले तो कविता लिहू शकतो, आत्मकथन लिहू शकतो. कादंबरीकाराला ज्याने आग लावली त्याच्याही घरात जावे लागते, त्याच्या चुलीपाशी बसावे लागते, त्या रात्री त्याच्या आईने त्याला काय विचारले ते ऐकावे लागते. सवर्ण लेखकांपैकी किती जण आपल्याच भावकीविषयी असे लिहायला तयार झाले, हा प्रश्न मी इथे विचारून ठेवतो.

आरक्षणाच्या बाबतीतही अडचण तीच असेल. आज लिहिणारा लेखक मराठा असो, ओबीसी असो वा दलित, त्याच्या घरचा मोबाइल त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार आहे. कोणत्या व्हॉट्सअॅप गटात आपला चुलतभाऊ काय लिहितो हे त्याला ठाऊक असते. ते त्याने लपवले, तर कादंबरी उद्या आली काय आणि २०४० मध्ये आली काय, फरक पडणार नाही. याबाबतीत मला परभणीचे आसाराम लोमटे यांच्या कथांकडे बोट दाखवावेसे वाटते. ‘आलोक’ या त्यांच्या संग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पत्रकारही आहेत, म्हणजे बातमी त्यांच्या हाताशी सर्वांत आधी असते. तरीही त्यांच्या कथांतली माणसे बातमीतल्यासारखी बाजू वाटून घेत नाहीत. दबलेला माणूस संधी मिळताच दुसऱ्याला दाबतो, आणि लेखक ते झाकत नाही.

दुसरा एक मार्ग आहे, तो म्हणजे आज सांगता येत नाही ते उद्यावर ढकलून सांगण्याचा. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ने नजीकच्या भविष्यात जाऊन माणसावरची पाळत आणि कंपन्यांची सत्ता दाखवली. २०२०चा अकादमी पुरस्कार त्या कादंबरीला जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. आपल्याकडे हा प्रकार फार कोणी हाताळलेला नाही, हे मला नवलाचे वाटते, कारण ज्या लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या लेखकाला भविष्यकाळ कल्पून पाहण्यास फार दूर जावे लागू नये.

तोलाई (लातूर) यांचा प्रतिसाद

सूचनाफलकावर लावण्यास माझी हरकत नाही, फक्त आमच्या बाजारातल्या कोणी ते उत्तर वाचले तर माझे टोपणनाव तेवढे सांभाळा. कयाधू यांनी रेल्वेचा विषय काढला म्हणून सांगतो: त्या गाडीच्या स्वागताची छायाचित्रे सर्वांनी पाहिली; टँकरच्या ठेक्यांवर कादंबरी लिहिणारा कोणी असेल, तर त्याच्याशी बोलायला मला आवडेल. गोदातीर ताईंचा अहवालाचा आक्षेप मला मान्य आहे, पण निम्माच. अहवालात ओलाव्याचा आकडा येतो. त्या आकड्यावर कोणाला दोन टक्के सूट मिळते आणि ती कोणाच्या ओळखीने, हे कोणत्याही अहवालात येत नाही. ते लिहायला कादंबरीच लागेल.